घोट्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन : सहा महिन्यांनंतर

उकिडवं बसताना, जिना चढताना किंवा चढावर चालताना घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसावा तसं दुखतं, ते दुखणं या ऑपरेशनने जातं. पण उभ्याने काढलेल्या एक्स-रेत सांध्याची फट बुजलेली दिसत असेल आणि पाय रात्रीही ठणकत असेल, तर दुर्बीण घालून फारसं हाती लागत नाही. ऑपरेशन फसलं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची चूक इथेच झालेली असते.

पुढच्या बाजूला होतं काय, तर वारंवार मुरगळून किंवा वर्षानुवर्षं फुटबॉल खेळून नडगीच्या खालच्या कडेला हाडाची चोच वाढते. कधी समोरच्या टॅलस हाडावरही वाढते. पाय वर वळला की मधलं मऊ अस्तर चिरडतं. दुखतं ते हे अस्तर, चोच नव्हे. त्यामुळे एक्स-रेत नुसती चोच दिसली म्हणून घाई नको. उलट आतल्या बाजूची चोच नेहमीच्या बाजूच्या एक्स-रेत लपून राहते, तिच्यासाठी तिरका एक्स-रे मागावा लागतो. सगळ्यात उपयोगी चाचणी साधी आहे: सांध्यात भुलीचं इंजेक्शन घ्यायचं आणि थोड्या वेळाने तोच जिना चढून पाहायचा. चिमटा गायब झाला, तर दुखणं सांध्यातलंच. नाही झाला, तर आधी स्नायूबंध, नसा आणि कंबर तपासा.

ऑपरेशन कमरेतून भूल देऊन होतं, मांडीला रक्त अडवणारा पट्टा असतो. आधी सांध्यात दहा-वीस मिली सलाइन भरून तो फुगवतात. मग पुढून दोन छिद्रं, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या, प्रत्येकी पाच-सात मिमी. एकातून दुर्बीण जाते, २.७ किंवा ४ मिमी जाडीची; दुसऱ्यातून अवजार घालून चोच आणि चिरडलेलं अस्तर घासून काढतात. १९३१ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. बर्मन यांनी मृतदेहांवर करून पाहून हा सांधा दुर्बिणीसाठी फार अरुंद आहे असं लिहून टाकलं होतं. जपानच्या वातानाबे यांनी २८ घोट्यांचा अनुभव मांडला तो १९७२ मध्ये.

खरा धोका बाहेरच्या छिद्राला. तिथून पायाच्या पाठीला संवेदना देणारी नस जाते, आणि या ऑपरेशनच्या गुंतागुंतींत सगळ्यात जास्त तिच्याच असतात. चवडा खाली-आत वळवून चौथं बोट खाली ओढलं, की अनेकांच्या पायावर ती कातडीखाली दोरीसारखी उठून दिसते. भूल देण्याआधी पेनाने ती आखून घेणारा सर्जन आणि फक्त कातडी कापून पुढे बोथट चिमट्याने वाट करणारा हात, या दोन गोष्टी विचारून घेण्यासारख्या आहेत.

आणखी एक प्रश्न सहीआधी विचाराच: आत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, फाटलेला निघाला तर काय करणार? लहान जखम असेल तर खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडतात, म्हणजे रक्त येऊन नवा, थोडा कमी दर्जाचा कूर्चा धरतो. काम तेवढ्याच दोन छिद्रांतून होतं, पण हिशेब बदलतो. नुसती चोच घासली तर काही दिवसांत पाय टेकवता येतो. हाडाला छिद्रं पाडली तर चार ते सहा आठवडे कुबड्या, आणि धावणं चार-सहा महिन्यांनी. सुटीचा अर्ज दुसऱ्या हिशेबाने लिहिलेला बरा.

पहिले दहा दिवस पाय छातीपेक्षा वर. उशी गुडघ्याखाली नको, पोटरीपासून टाचेपर्यंत हवी. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर पट्टी कोरडी राहायलाच हवी. छिद्रातून पाणचट स्राव येत राहिला तर चालणं थांबवून दाखवा. सांध्यातलं पाणी वाट करून घेत असतं, आणि त्याच वाटेने जंतू आत जातात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दवाखाना, कारण शिरेत गुठळी असू शकते.

घोट्याची वाकण परत येतेय का हे भिंतीवर मोजावं. चवडा भिंतीसमोर, टाच जमिनीवर, गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा आणि पाय थोडा थोडा मागे घ्यायचा. टाचेखाली कागद ठेवा. तो सहज ओढला गेला की टाच उचललेली आहे, ते माप धरायचं नाही. अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने घ्या. एक सेंमी म्हणजे साधारण साडेतीन अंश. माझ्या ऑपरेशन झालेल्या पायाची मापं: ऑपरेशनआधी ४ सेंमी, सहाव्या आठवड्याला ६, तिसऱ्या महिन्याला ८, सहाव्याला ८.५. चांगला पाय १०. शेवटचा दीड सेंमी येईल असं आता वाटत नाही. फिजिओचा व्यायाम दुसऱ्या आठवड्यापासून रोज केला नाही, तर व्रण आखडतो आणि घासलेल्या चोचीची जागा तो घेतो. दोनच टाके आहेत म्हणून माणूस हा व्यायाम टाळतो, हे सगळ्यात जास्त दिसतं.

मेडिक्लेममध्ये बसतं, पण शेव्हरच्या (आतलं घासून काढणारं यंत्र) पात्यासारख्या एकदा वापरून टाकायच्या वस्तूंचे पैसे बरेचदा कापले जातात. तो आकडा आधी विचारा. ऑपरेशनचं चित्रीकरणही मागून घ्या, पुढे दुसरं मत घ्यायला ते एमआरआयपेक्षा कामाला येतं.

आजची स्थिती: जिना, चढ आणि उकिडवं बसणं विनात्रास. भारतीय संडास तिसऱ्या महिन्यापासून जमतो. गड उतरताना शेवटच्या तासाला पाय जड होतो. मांडी घातली की बाहेरचा व्रण फरशीवर दबतो, म्हणून खाली घडी केलेला टॉवेल लागतो. संध्याकाळी मोज्याचा वळ या पायावर अजून जास्त खोल उमटतो, आणि बाहेरच्या छिद्राजवळ रुपयाएवढी जागा बधिर आहे. चपलेचा पट्टा तिथे लागलेला कळत नाही.