फुस्तातच्या कापडासारखे छापायचे आहे: निळे की लाल?

कैरोलगतच्या फुस्तातमध्ये सापडलेली मध्ययुगीन सुती कापडे गुजरातेत छापून इजिप्तला गेली होती. ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयातल्या न्यूबेरी संग्रहात असे सुमारे 1,200 तुकडे आहेत. त्यांतले निळे छापायचे की लाल, हा पेच असेल तर फरक कष्टांत आहे.

निळ्याला एकच ठसा पुरतो. नीळ अडवणारा चुना आणि डिंकाचा लेप छापायचा, ओला असतानाच त्यावर लाकडाचा भुसा भुरभुरायचा (नाहीतर घडीत लेप फिसकटतो), मग नीळ. फसते ते निळीच्या पिंपात. कापड फार वेळ बुडवले की लेप सुटतो आणि पांढऱ्या नक्षीच्या कडा निळ्या होतात. म्हणून थोडा वेळ बुडवून वाऱ्यावर धरायचे, असे तीन-चार वेळा. खरी किंमत पिंप जिवंत, म्हणजे त्यातली नीळ रंगवण्याजोगी, ठेवण्याची.

लालाला पिंप नको, पण ठसे निदान दोन, आणि त्यांचा जोड अचूक बसायला हवा. आधी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचे. काळ्या बाह्यरेषेला लोखंड-गुळाचे आंबवण, लाल भागाला डिंकात घोटलेली तुरटी. छपाई वाळवून काही दिवस मुरू द्यायची, मग वाहत्या पाण्यात धुवायचे. इथे घाई केली तर सुटी तुरटी पसरून पांढरी जमीन (नक्षीमागचे कापड) गुलाबी होते, आणि ती पुन्हा शुभ्र होत नाही. शेवटी मंजिष्ठा किंवा आल या मुळ्यांचा लाल रंग, हळूहळू तापवून.

टिकाऊपणात नीळ उन्हाला चांगली टिकते, सुरुवातीला घासून थोडी उतरते. तुरटीवरचा लालही पक्का. लोखंडी काळा मात्र वर्षांनुवर्षे धागा खातो.

एकट्याने, मोठी नक्षी: निळा. बारीक रेषा, दोन-तीन रंग आणि भरपूर पाणी हाताशी: लाल.