व्याख्यानमाला आणि शनिवारची खळ

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा मी बावीस वर्षांपासून सभासद आहे आणि गेल्या वर्षभरात तेथील एखाददुसरा अपवाद वगळता सर्व कार्यक्रमांना हजर होतो, त्यामुळे हा अभिप्राय एका संध्याकाळच्या उत्साहावर किंवा रागावर बेतलेला नाही.

न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेची धाकटी भावंडे आता गावोगावी आहेत. आमच्याकडे ती मे महिन्यात पाच संध्याकाळ भरते. प्रवेश विनामूल्य असतो आणि विषय निवडणाऱ्यांची दृष्टी चांगली आहे. यंदा एका निवृत्त भूजलतज्ज्ञांनी आमच्या भागातील विहिरी फेब्रुवारीतच तळ का गाठतात, हे समजावून सांगितले. त्यांनी टेबलावर दोन परातींत मुरूम आणि काळ्या पाषाणाचा एक अखंड तुकडा ठेवला व दोहोंवर तांब्याने पाणी ओतले. मुरमाने ते गट्ट केले, कातळावरून ते ओघळून परातीत साचले. अखंड कातळात पाणी मुरत नाही, ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांतच साठते, हे त्या दोन परातींनी जितके पटवले तितके कोणत्याही आकड्यांनी पटवले नसते. सभागृहाच्या दाराशी ग्रंथपालांनी त्याच विषयावरील पुस्तके मांडली होती आणि तेथल्या तेथे नोंद करून ती घरी नेता येत होती. मी उभा राहून मोजली, अकरा पुस्तके गेली. माझ्या मते संपूर्ण मालेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हे टेबल होय.

मात्र सहाचा कार्यक्रम पावणेसात वाजता सुरू होतो. त्यानंतर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, देणगीदारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि अध्यक्षांचे मनोगत असा क्रम पार पडेपर्यंत वक्त्यांच्या हाती ध्वनिक्षेपक यायला सव्वासात होतात. देणगीदारांची नावे घ्यावी लागतात, हे मी जाणतो. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे मिळणाऱ्या अनुदानाच्या जोडीला त्यांचाच हात असतो. पण त्याची भरपाई श्रोत्यांच्या प्रश्नांतून का करावी? भूजलाच्या व्याख्यानाला चिठ्ठ्यांवर आलेल्या प्रश्नांपैकी दोनच वाचले गेले आणि माझी चिठ्ठी, बोअरवेलविषयीची, आभारप्रदर्शनाखाली दडपली गेली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली रात्री दहापर्यंत बसतात, आणि मालेच्या पाचही दिवशी त्यांच्याच खुर्च्या खाली आणल्या जातात. पूर्वसूचनेचा कागद फळ्यावर लागतो तो आदल्या दिवशी. ज्यांनी महिन्याचे शुल्क आगाऊ भरले आहे, त्यांच्याशी असे वागणे योग्य नव्हे.

मराठी भाषा गौरव दिन आणि वाचन प्रेरणा दिन हे कार्यक्रम ठीक होतात. फलक लागतो, शाळेची मुले येतात, छायाचित्र निघते.

याउलट ज्याची निमंत्रणपत्रिकाही छापली जात नाही, तो शनिवार दुपारचा पुस्तकदुरुस्तीचा उपक्रम मला सर्वांत मोलाचा वाटतो. गावातील एक वृद्ध बाईंडर दोन तास मागच्या खोलीत बसतात आणि आठ-दहा मुले त्यांच्याभोवती. मैद्याची खळ पातळ झाली की पान सुरकुतते आणि घट्ट झाली की दुमडताना तडकते, हे ते बोटाने चाखल्यासारखे तपासून दाखवतात. दाभणाने भोके पाडण्याआधी मुलांना पाने जुळवून त्यांचा कणा टेबलावर ठोकून सरळ करावा लागतो. मी गेलो त्या दिवशी एका मुलीने बालविभागातील पुठ्ठा सुटलेले पुस्तक कापडी पट्टी लावून शिवले, दाबात ठेवले आणि पुढच्या शनिवारी ते स्वतःच्या नावावर घरी नेले. या उपक्रमाचा खर्च खळ, दोरा आणि पुठ्ठा एवढाच असावा.

जाणाऱ्यांसाठी सूचना एवढीच की व्याख्यानाला सव्वासातला पोहोचल्यास काही चुकत नाही. शनिवारी मात्र तीनच्या आत पोहोचावे, कारण दाभणे सहाच आहेत.