‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या भूक मारायच्या गोळ्या

वजन उतरवायच्या गोळ्या फोनवरून मागवायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. माझ्या बहिणीला ‘भूक कमी करणारं नैसर्गिक औषध’ म्हणून जे विकलं, ते तिच्या जिवावर बेतलं असतं.

विकणारा स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. बीपी आहे का, कुठली औषधं चालू आहेत, एका शब्दाने विचारलं नाही. वनस्पतींचा अर्क आहे, चिठ्ठी लागत नाही, म्हणाला. सुरुवातीला भूक खरंच मेली, वजनही उतरलं, म्हणून तिचा विश्वास बसला. मग तोंडाला कोरड, रात्र रात्र झोप नाही, आडवं झालं की छातीत धडधड. तिने कळवलं तर उत्तर काय, “शरीरातली घाण बाहेर पडतेय ताई, आता दोन-दोन घ्या.” या वाक्याचा मला अजून संताप येतो. तिला आधीपासून बीपीचा त्रास होता!

आमच्या डॉक्टरांनी बीपी बघून गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या आणि बाटली मागवली. लेबलवर ना उत्पादकाचा पत्ता, ना बॅच नंबर. मुदतीच्या तारखेवर दुसरं स्टिकर डकवलेलं. अशा ‘हर्बल’ गोळ्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं रसायन मिसळलेलं अनेकदा सापडतं, असं ते म्हणाले. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून युरोप-अमेरिकेत २०१० सालीच ते बाजारातून काढलं गेलंय.

भूक कमी करणारी खरी औषधंही आहेत. फेन्टरमिन अमेरिकेत १९५९ पासून मान्यताप्राप्त आहे. पण ते काही आठवड्यांपुरतंच, आहार-व्यायामाच्या जोडीने, आणि सहसा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३० किंवा जास्त असेल तर, किंवा २७ किंवा जास्त असून बीपी-मधुमेहासारखा आजार असेल तर देतात. बीपी असलं तर आधी ते आटोक्यात आणून, मोजत राहून. हृदयविकार, गरजेपेक्षा जास्त काम करणारा थायरॉइड, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर देतच नाहीत. म्हणजे गोळी हातात पडण्याआधी एवढी विचारपूस व्हायलाच हवी.

कुणी अशा गोळ्या घेतच असेल, तर थांबवा आणि बाटलीसकट डॉक्टरांकडे जा. छातीत दुखलं, दम लागला किंवा बोलताना जीभ अडखळली, तर थेट इमर्जन्सीत. रिकामी झाली तरी बाटली टाकू नका, विकणाऱ्याचे मेसेजही पुसू नका. औषध प्रशासनाकडे तक्रार करताना आम्हाला तेच उपयोगी पडलं.