वाईची मैलागाडी : टाकी तुंबायच्या आधीच दारात

सेप्टिक टँक उपसायची आठवण एरवी कधी होते? संडासातलं पाणी उतरेनासं झालं आणि अंगणात वास सुटला की. वाई नगरपरिषदेने ही पद्धतच बदलली. २०१८ पासून इथे गाडी ठरलेल्या क्रमाने गल्लोगल्ली फिरते आणि साधारण तीन वर्षांनी प्रत्येक टाकीची पाळी येते. त्या वेळी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, खर्च करातून भागतो. आमची पाळी नुकतीच होऊन गेली. मी पूर्ण समाधानी आहे.

आमच्याकडे खरी अडचण झाकणाची होती. गवंड्याने त्यावर फरशी बसवून टाकलेली. ती उचकटून झाकण सरकवल्यावर गाडीवरच्या दादांनी लगेच पाईप घातला नाही. टाकी बराच वेळ उघडी ठेवली, आमच्या सासूबाईंना आणि मुलांना लांब जायला सांगितलं. हे मला फार आवडलं. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असं नसतं. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला तर नाकच बधिर होतं. आत कोणीही उतरलं नाही. वरूनच लांब बांबूने तळाचा गाळ ढवळला आणि जाड पाईपने ओढून घेतला. टाकीत माणूस उतरवायला तयार होणाऱ्याला काम देऊच नका, पैसे कितीही कमी घेऊ दे.

तळाशी थोडा गाळ मुद्दाम ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "अहो, स्वच्छ धुऊन काढा की!" पण मैला कुजवणारे जिवाणू त्याच गाळात असतात. विरजणासारखं थोडं मागे ठेवावं लागतं. म्हणूनच संडासात रोज ॲसिड ओतू नये. सॅनिटरी पॅड, तेल, चहाचा चोथा तर अजिबात नको.

वेळेवर उपसा का हवा, तेही सांगते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे जातं. गाळ वाढला की पाण्याला निवळायला जागाच उरत नाही. मग मैला शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरायच्या खड्ड्यात, जातो आणि तो खड्डाच बुजतो. जुन्या वाड्यांत तर टाकीचं पाणी थेट गटारात जातं आणि तिथून कृष्णेत. घाटावर रोज जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

उपसलेला गाळ प्रक्रिया केंद्रात नेतात. पूर्वी आम्ही बोलवायचो तो खाजगी टँकरवाला गाळ कुठे ओततो, याचं उत्तर कधी धड मिळालं नव्हतं.

तुमची पाळी येईल तेव्हा झाकण आधी शोधून मोकळं करून ठेवा, दारातल्या गाड्या हलवा आणि काम चालू असताना तिथे बिडी-काडी पेटवू देऊ नका. टाकीत मिथेनही असतो.