लालबाग रोडची रवा इडली

बंगळुरूला आलेली आपली मंडळी लालबाग रोडवरच्या एमटीआर (मावळ्ळी टिफिन रूम) या जुन्या हॉटेलात शिरली की आधी मसाला डोसा सांगतात. माझं ऐका, आधी रवा इडली सांगा. मी इथे शाळेत इतिहास शिकवते आणि १९४२ साल आलं की वर्गात या इडलीचा विषय काढतेच.

दुसऱ्या महायुद्धात त्या वर्षी फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि ८ मार्चला जपान्यांनी ब्रह्मदेशाची राजधानी रंगून घेतलं. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. पण इथल्या हॉटेलवाल्याला तांदूळ नाही म्हणजे इडली नाही, डोसा नाही. सकाळी सकाळी गिऱ्हाइकापुढे ठेवायचं काय? मय्या कुटुंबाचं हे हॉटेल १९२४ पासूनचं. युद्धातल्या त्या टंचाईत आम्ही रव्याची इडली करून पाहिली, असं एमटीआरवाले सांगतात. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून गेली. त्यामुळे टंचाईचं कौतुक माझ्याच्याने होत नाही. कौतुक आहे ते हाताशी आहे त्यात लोकांना पोटभर खायला घालणाऱ्या स्वयंपाक्यांचं.

आता चवीबद्दल. रवा तुपात भाजलेला, त्यात मोहरी-हरभरा डाळीची फोडणी, आलं, मिरची, कोथिंबीर आणि दही. वाटण नाही, रात्रभर आंबवणं नाही. इडली गरमागरम येते, वर काजू. मोडली की वाफ निघते आणि आतला रवा दाणेदार, मोकळा दिसतो, तरी घास कोरडा लागत नाही. सोबत बटाट्याचा सागू (म्हणजे पातळसर भाजी), हिरवी चटणी आणि छोट्या वाटीत पातळ तूप. तूप सगळं एकदम ओतू नका. इडलीचा तुकडा मोडून त्यावर थोडं थोडं घ्या, म्हणजे फोडणीचा वास टिकतो. सागू मुद्दाम सौम्य असतो, आणि तेच बरोबर आहे. तिखट सांबार घेतलंत तर रव्याची चव मारली जाते.

आमच्या घराजवळच्या एका हॉटेलात हाच पदार्थ सोडा मारून फुगवलेला आणि गार मिळतो. मुलांनी तो खाल्ला आणि त्यांना वाटलं, रवा इडली म्हणजे शिळा उपमा. म्हणून त्यांना मुद्दाम इथे घेऊन आले. धाकटीने सागू दुसऱ्यांदा मागून घेतला.

शेवटी कॉफी घ्याच. चांदीच्या पेल्यात येते आणि पेला चांगलाच तापलेला असतो, तेव्हा कडेला धरा. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. सकाळी लवकर जवळच्या लालबाग उद्यानात फेरी मारा आणि तिथून चालतच या, भूकही लागलेली असते.