गोरिला परमिट स्वस्तात मिळालं म्हणून खूष झालो होतो

लिहू की नको असं करत बरेच महिने गेले, कारण सरळ सांगायचं तर लाज वाटते. ५२ वर्षांचा माणूस, पुण्यात स्वतःचा धंदा, घरी सगळ्यांना ऑनलाइन फ्रॉडवर लेक्चर देणारा मी, आणि पावणेचार लाख रुपये युगांडातल्या एका माणसाला स्वतःच्या हाताने पाठवून बसलो. पण परवा एका मित्राने 'गोरिला बघायला जायचंय, एकाने स्वस्तात परमिट देतो म्हटलंय' असं सांगितलं आणि मला घाम फुटला, म्हणून आता लिहितोच.

आम्ही चौघं. मी, बायको, तिची मोठी बहीण म्हणजे ताई, आणि आमचे साडू, ज्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो. दादा बँकेत ३३ वर्षं नोकरी करून रिटायर झालेले, हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल. चौघांनाही जंगलाचा नाद, ताडोबा तर वर्षातून दोनदा ठरलेलं. तिथेच २०२४ च्या मे मध्ये मोहर्लीला जिप्सीत शेजारी बसलेल्या एका ओळखीपाळखीच्या माणसाने सांगितलं की आता आफ्रिका करा, मसाईमारा सगळेच करतात, तुम्ही युगांडात जाऊन डोंगरी गोरिला बघा, आणि कंपालाच्या एका टूरवाल्याचा नंबर दिला. तो माणूस स्वतः गेलेलाच नव्हता हे आम्हाला नंतर कळलं, त्यालाही कोणीतरी फॉरवर्डच केलेला नंबर!

आता गोरिलाचं गणित थोडं सांगतो, नाहीतर फसवणूक कशी झाली ते कळणार नाही. डोंगरी गोरिला सगळ्या जगात मिळून हजाराच्या थोडे वर, २०१९ साली आलेला आकडा १,०६३ होता, आणि ते फक्त युगांडा, रवांडा आणि काँगो या तीन देशांच्या डोंगरात आहेत. प्राणिसंग्रहालयात एकही नाही. युगांडात ब्विंडी नावाचं जंगल आहे, तिथे माणसांची सवय झालेली गोरिलांची काही कुटुंबं आहेत आणि एका कुटुंबाला दिवसाला फक्त ८ पर्यटक भेटू शकतात, तेही एक तास. म्हणजे परमिटं मोजकीच. किंमत सरकारी. रवांडात १,५०० डॉलर, युगांडात आधी ७०० होती ती १ जुलै २०२४ पासून ८०० झाली. परमिट नावावर असतं, त्यावर पासपोर्ट नंबर, तारीख आणि जंगलाचा कुठला भाग तेही ठरलेलं. बुहोमाचं परमिट असेल तर बुहोमालाच हजर व्हायचं.

आता हा टूरवाला काय म्हणाला बघा. ऑगस्टमध्ये बोलणं सुरू झालं तेव्हा म्हणाला, सर, रेट वाढायच्या आधी मी भरपूर परमिटं घेऊन ठेवलीत, तुम्हाला जुन्याच भावात ७०० ला देतो. आणि आम्ही दोघं साडू खूष! माणशी १०० डॉलर वाचले, चौघांचे ४००, म्हणजे ३३ हजार. अरे पण परमिट जर नाव आणि पासपोर्ट नंबर घालून निघतं तर याने आमच्या नावाची परमिटं आमची ओळख व्हायच्या आधी कशी काय घेऊन ठेवली? हा प्रश्न एवढा साधा आहे की चौथीतल्या पोराला पडेल. आम्हाला पडला नाही. ताडोबाला गेटवर ओळखपत्र आणि नाव जुळल्याशिवाय आत सोडत नाहीत हे आम्हाला माहीत होतं, तरीही पडला नाही. लोभ आडवा आला, दुसरं काय.

माणूस बोलायला एकदम गोड. दिवसाला तीन व्हॉइस नोट, 'गुड मॉर्निंग सर, मॅडमची तब्येत कशी आहे', कधी सिल्व्हरबॅकचा, म्हणजे पाठ पांढरट झालेल्या मोठ्या नर गोरिलाचा फोटो, कधी कुणा गोऱ्या जोडप्याचा हसरा व्हिडिओ. वेबसाइट झकास, खाली युगांडाच्या टूर ऑपरेटर संघटनेचा लोगो. त्या संघटनेच्या सभासदांची यादी नेटवर कोणालाही बघता येते, तिथे याचं नाव नव्हतं, पण ते आम्ही बघितलं परत आल्यावर. लोगो काय हो, कोणीही चिकटवतो.

मग पैसे. एकूण हिशोब ८,२०० डॉलर, गाडी, ड्रायव्हर, लॉज, जेवण, पार्कच्या फिया सगळं धरून. त्यातले परमिटचे २,८०० पूर्ण आणि बाकीच्याचे ३० टक्के आगाऊ, म्हणजे ४,४२० डॉलर. खातं त्याने पाठवलं ते कंपनीचं नव्हतं, एका बाईच्या नावाचं होतं, म्हणे ती त्यांची अकाउंटंट आणि कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे. वर सल्ला दिला की बँकेत टूर लिहू नका, टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतील, गिफ्ट लिहा. इथे तरी दादांनी ओरडायला हवं होतं की नाही? दादा म्हणाले, बरोबर आहे त्याचं. आणि मी लिहिलं गिफ्ट. तो टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, म्हणजे वाचवलं काहीच नाही, उलट नंतर हाच 'गिफ्ट' शब्द आमच्या नरड्यात अडकला.

चार दिवसांत चार परमिटांची पीडीएफ आली. वरती सरकारी लोगो, आमची नावं, पासपोर्ट नंबर, बुहोमा, तारीख २८ जानेवारी २०२५. आता लॅपटॉपवर मोठं करून बघितलं की नावाच्या ओळीचं अक्षर बाकीच्यापेक्षा जरा जाड दिसतं आणि पासपोर्ट नंबर केसभर खाली सरकलाय. तेव्हा मोबाइलवर बघितलं, सगळ्यांना फॉरवर्ड केलं आणि पिवळ्या तापाची लस घ्यायला पळालो.

मुंबईहून एंटेबीला थेट विमान होतं, तो प्रवास छान झाला. गाडी वेळेवर हजर, छत वर उघडणारी लँड क्रूझर, ड्रायव्हर सभ्य, मला 'सेबो' आणि बायकोला 'न्याबो' म्हणायचा, म्हणजे आपलं साहेब आणि बाई. पहिले दोन दिवस सगळं ठीक. कायाब्वेला विषुववृत्ताच्या पांढऱ्या कड्यात उभं राहून फोटो काढले, लेक म्बुरोला झेब्रे बघितले, रस्त्यावर 'रोलेक्स' खाल्लं. घड्याळ नाही हो, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, आणि चपातीला तिथे चपातीच म्हणतात, ताईला त्याचं फार कौतुक.

तिसऱ्या दिवशी म्बरारात पेट्रोल पंपावर ड्रायव्हर फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलत उभा राहिला, मग येऊन म्हणाला, बॉस डिझेलचे पैसे पाठवत नाहीये, तुम्ही भरा, तो वळते करेल. भरले. संध्याकाळी बुहोमाला पोचलो तर लॉजवाली म्हणाली, चौकशी आली होती, पैसे आलेच नाहीत. आम्ही त्याला फोन लावला, तो म्हणाला सर नेटवर्क प्रॉब्लेम, बँक प्रॉब्लेम, उद्या गोरिला एन्जॉय करा, मी सगळं करतो. लॉजचे पैसेही भरले. रात्री बायको म्हणाली, मला परमिटचीच भीती वाटते. मी तिला गप्प केलं.

सकाळी साडेसातला पार्कच्या ऑफिसवर. तिथे ट्रेकच्या आधी गावातल्या बायका स्वागताचा नाच करतात, ढोल वाजतोय, बायका जमिनीवर पाय आपटून नाचतायत, पर्यटक टाळ्या देतायत, आणि टेबलामागे बसलेला रेंजर आमचे चार पासपोर्ट समोर ठेवून छापील यादीवरून बोट फिरवतोय. वरून खाली एकदा, परत एकदा, मग पान उलटून. पान मागून कोरं होतं. मला अजूनही ते बोट आठवतं. त्याने आमची प्रिंट हातात घेतली, नंबर वाचला, शेजारच्याला दाखवला, दोघं त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले आणि मग अगदी शांतपणे म्हणाला, सॉरी सर, हे परमिट आमचं नाही. मागे ढोल चालूच. दादा बँकेतल्या आवाजात म्हणाले, देअर मस्ट बी सम मिस्टेक. तो म्हणाला, रोजच्या रोज अशी मिस्टेक नसते, पण तुम्ही पहिले नाही. बाकीच्यांचे आठ-आठचे गट पडले, मास्क लावले, काठ्या घेतल्या आणि ते सगळे जंगलात गेले. आम्ही चौघं आणि ड्रायव्हर तिथेच. ताई रडायला लागली.

त्या टूरवाल्याचा फोन तेव्हापासून बंद. ड्रायव्हरही फसलेला निघाला, त्याला दोन दिवसांचे पैसे देऊन पाठवलं होतं, गाडी तिसऱ्याचीच. त्याच्यावर आम्ही आधी खूप ओरडलो, त्याचं वाईट वाटतं, कारण पुढचं सगळं त्या बिचाऱ्यानेच निभावलं.

रेंजरने त्याच्या साहेबाला गाठलं, साहेबाने कंपालाला फोन लावले, आणि दुपारी कळलं की दुसऱ्या दिवशी रुहिजाला, म्हणजे त्याच जंगलाच्या दुसऱ्या भागात, दोन जागा आहेत, कोणीतरी आजारी पडलंय. दोनच. ८०० डॉलर प्रत्येकी. लॉजवर उतरलेल्या एका नोंदणीकृत टूरवाल्याने त्याच्या खात्यातून भरले आणि आम्ही त्याला रोख दिले, तर त्यातही गंमत, तो ट्यूबलाइटखाली एकेक नोट धरून साल बघत होता, आमच्यातल्या तीन शंभराच्या नोटा जुन्या छापाच्या होत्या त्या परत दिल्या, जुन्या नोटा तिथे चालत नाहीत. दादा आणि मी खिसे उलटे करून विसा-विसाच्या नोटा मोजून दिल्या. ही पावती आणि परमिट मात्र खरं, पासपोर्टशी ताडून दिलेलं.

कोण जाणार यावर चर्चाच झाली नाही. ताई आणि बायको गेल्या. स्वस्तातलं परमिट शोधणारे आम्ही दोघे पुरुष रुहिजाच्या थंडीत शेकोटीपाशी बसून चहा पीत राहिलो. लॉजवाल्याच्या रेडिओवर गोमाच्या बातम्या चालल्या होत्या, पलीकडे काँगोत ते शहर त्याच दिवसांत बंडखोरांच्या हातात गेलं होतं, आजूबाजूचे सगळे गंभीर चेहऱ्याने ऐकत होते, आणि आपलं दुःख चारशे डॉलरचं लोभाचं आहे हे बघून मला अजूनच कसंतरी झालं. साडेतीनला दोघी आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, ताईच्या हाताला खाजऱ्या झाडाचे चट्टे, पोर्टरने तिला अक्षरशः ओढून वर चढवलं म्हणे. आणि तोंडावर असं काही होतं की आम्ही काही विचारलंच नाही. रात्री बायको म्हणाली, तो सिल्व्हरबॅक तासातली चाळीस मिनिटं आमच्याकडे पाठ करून बसला होता, तरी चालेल.

पुढचा प्रवास ड्रायव्हरशी थेट रोजावर ठरवून केला. इशाशाला झाडावर सिंह दिसले नाहीत, काझिंगा चॅनलमध्ये पाणघोडे पोटभर दिसले, चिंपांझी रद्द केलं. कंपालात कामवोक्याला वन्यजीव खात्याचं ऑफिस आहे, तिथे गेलो. काउंटरवरच्या मुलीने आमचा परमिट नंबर टाकला, दोन मिनिटं लागली असतील, तो नंबर खरा होता पण कोणा दुसऱ्याच्या नावावर, डिसेंबरमधल्या एका तारखेचा. कोणाचं तरी खरं परमिट घेऊन त्यावर आमची नावं चिकटवली होती. दोन मिनिटं! हेच काम ऑक्टोबरमध्ये कंपालातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला सांगून होण्यासारखं होतं, तिथे आपली माणसं कमी नाहीत, माझ्या वर्गातल्या एकाचा भाऊ तिथे नोकरीला आहे हे मला आल्यावर कळलं. तर जे कोणी जाणार असाल ते परमिट हातात आलं की आधी नंबर आणि पासपोर्ट त्या ऑफिसकडून ताडून घ्या, मगच बाकीचे पैसे सोडा, आणि सरकारी किमतीच्या खाली कोणी परमिट देत असेल तर फोन ठेवा. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच, आणि बँकेत जे खरं आहे तेच कारण लिहा.

कारण आमचं काय झालं, कंपालाच्या पोलिसांनी तक्रार घेतली, त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर मोबाइल दुकानाच्या वर एक कुलूप लावलेली खोली निघाली. इथे येऊन सायबर फ्रॉडच्या १९३० नंबरवर फोन केला, पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेत गेलो. बँकेतला पोरगा कागद बघून म्हणाला, सर, तुम्ही तर गिफ्ट दिलंय. दादा माझ्या शेजारी बसले होते, आयुष्यभर अशाच काउंटरच्या पलीकडे बसलेला माणूस, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि काही बोलले नाहीत.

मार्चमध्ये त्याचा फोन परत चालू झाला. दोन व्हॉइस नोट आल्या, सर रिफंड प्रोसेसमध्ये आहे. मग काही नाही. आता दादा दर महिन्याच्या एक तारखेला त्याला व्हॉट्सॲपवर रीतसर नोटीस पाठवतात, मुद्दल ४,४२०, आजवरचं व्याज इतकं, एकूण इतकं, इंग्रजीत, खाली सही. दर वेळी दोन निळ्या टिका येतात.