दुष्काळात लांबचं पाणी: कालवा, बंद पाइप, उपसा की शेततळी?

लांबून पाणी आणायचं ठरलं की बैठकीत पहिला वाद मार्गावर होतो. कालवा की पाइपलाइन, कुठल्या गावावरून, किती किलोमीटर. हे सगळं नंतरचं. आधी उगमाकडे बघा. ज्या वर्षी तुमचं रान करपतं, त्याच वर्षी तिथलं धरणही तळ गाठतं का?

स्पेनमध्ये ताहो नदीचं पाणी सेगुरा खोऱ्यात नेणारा कालवा १९७९ पासून चालू आहे. त्याच्या भरवशावर सेगुरा खोऱ्यात भाजीपाला आणि फळबागा वाढल्या. २०१७ मध्ये ताहोच्या वरच्या धरणांतला साठा इतका घटला की पाणी वळवणं महिनोन्महिने बंद ठेवावं लागलं. कालवा शाबूत होता, त्यात सोडायला पाणी नव्हतं. म्हणून योजनेच्या अहवालातली सरासरी आवक वाचून खूश होऊ नका. मागच्या तीस-चाळीस वर्षांतली सगळ्यांत कोरडी चार-पाच वर्षं वेगळी काढायला लावा आणि त्या वर्षांत आपल्या वाट्याला किती आलं असतं, ते विचारा. उत्तर शून्याच्या आसपास असेल तर पुढची तुलना करण्यात अर्थ नाही, सरळ शेततळ्यांकडे वळा.

उगम भरवशाचा निघाला, असं धरून पुढे जाऊ.

कालवा आणि बंद पाइप

भरपूर पाणी, सपाट मुलूख आणि मोठं क्षेत्र असेल तर कालव्याइतकं स्वस्त वहन दुसरं नाही. फुटला तर दिसतो, गाळ साचला तर यंत्र लावून काढता येतो. पण मातीच्या कालव्यातलं निम्म्यापर्यंत पाणी वाटेतच जिरू शकतं, आणि अस्तरीकरण केलं तरी वर्षं जातील तशा भेगा पडतातच. त्याहून मोठं दुखणं टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं. मुखाजवळचा शेतकरी रात्री काठावरून पाइप टाकून पाणी ओढतो, दारं पूर्ण बसू नयेत म्हणून खाली दगड सारतो, आणि आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची फेरी, संपत आलं तरी टेलची चारी कोरडीच राहते. टंचाईच्या वर्षी हे हमखास वाढतं, म्हणजे ज्या वर्षासाठी योजना केली त्याच वर्षी ती शेवटच्या शेतकऱ्याला उपयोगी पडत नाही. उलट मुखाकडे पाणी इतकं होतं की जमिनी चिबड होतात. राजस्थानच्या इंदिरा गांधी कालव्यावर हनुमानगडच्या बाजूला वाळवंटातली जमीन पाणथळ आणि खारपड झाली ती अशीच.

बंद पाइपचा सगळ्यांत ठळक दाखला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा. तिथल्या विमेरा-मॅली भागात जनावरांना आणि घरांना पाणी देणारे सुमारे १७,५०० किलोमीटर मातीचे पाट होते. सोडलेल्या पाण्यापैकी बहुतेक पाणी पाझरून आणि वाफ होऊन जायचं. २०१० पर्यंत त्यांच्या जागी सुमारे ९,००० किलोमीटर पाइप टाकून झाले आणि तो तोटा जवळजवळ थांबला. मात्र पाटाच्या गळतीवर कुणीतरी जगतही असतं. कालव्याकाठच्या विहिरींना पाणी असतं ते त्या पाझराचं. पाइप आले की त्या विहिरी उतरतात, आणि हे नुकसान योजनेच्या हिशोबात सहसा कुणी धरत नाही. तुमच्या गावात अशा विहिरी असतील तर त्यांच्या मालकांना पहिल्या बैठकीपासून बोलवा.

पाइपचा व्यास एकदा ठरला की ठरला, पुढे क्षेत्र वाढवायला वाव राहत नाही. माझ्या मते टंचाईच्या भागात ही मर्यादा गुणाचीच आहे. उगम उंचावर असेल तर उतारामुळे आपोआप दाब मिळतो, ठिबक थेट जोडता येतं, वीज लागत नाही. दोष असा की गळती जमिनीखाली, डोळ्यांआड होते. एअर व्हॉल्व्ह नादुरुस्त झाले की हवा अडकून प्रवाह मंदावतो. आणि व्हॉल्व्हची किल्ली ज्याच्या हातात, पाणी त्याचं. कालव्यावर चोरी निदान दिसते तरी.

उपसा

उगम खाली आणि रान वर असेल तर वीज आलीच. १ घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला गणिताने ०.२७ युनिट लागते. पंप, मोटर आणि पाइपमधलं घर्षण धरून ०.४ समजा. आता दोन पिकं शेजारी ठेवून बघा. उभं पीक वाचवायला ५० मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर हेक्टरी १,००० घनमीटर पाणी आणि ४०० युनिट वीज. उसाला हेक्टरी २०,००० घनमीटर धरले तर ८,००० युनिट. तेवढ्या पाण्यात आणि विजेत एक हेक्टर ऊस होतो किंवा वीस हेक्टरवरचं करपतं पीक हाती लागतं. शंभर मीटरपेक्षा जास्त चढाव असेल तर उपसा फक्त संरक्षित पाळीसाठीच, म्हणजे उभं पीक वाचवण्यापुरत्या पाण्यासाठीच परवडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. वीजबिल कोण भरणार, हे कागदावर नसेल तर थकबाकीपायी ऐन गरजेच्या महिन्यात पंप बंद पडतील.

विजेचा उगमही बघावा लागतो. अमेरिकेत कोलोरॅडो नदीचं पाणी ॲरिझोनाच्या आतल्या भागात सुमारे ५४० किलोमीटर नेलं जातं. वाटेत ते एकूण ८०० मीटरहून जास्त चढवावं लागतं. हे पंप मुख्यतः ज्या नवाहो औष्णिक केंद्राच्या विजेवर चालत, ते २०१९ मध्ये बंद झालं आणि वीज दुसरीकडून घ्यावी लागली.

शेततळी

पाणी लांबून न आणता पडणारा पाऊस अडवायचा, तर खर्च कमी, मालकी आपली, आणि मुख-टेलचं भांडण नाही. एक-दोन आठवड्यांचा खंड नव्हे, महिनाभराची ओढही निघते. पण सलग दोन वर्षं पाऊस दडी मारून बसला की तळं कोरडंच राहतं, आणि कोरड्या हवेत उघड्या पाण्याची वर्षाला दीड-दोन मीटर पातळी वाफेतच जाते. बोअरचं पाणी उपसून तळं भरायचं असेल तर तो पाणीसाठा नव्हे, भूजलाची वाफ करण्याचा खर्चिक उद्योग आहे.

तेव्हा उगम उंचावर आणि हेतू पीक वाचवण्याचा असेल तर मी बंद पाइप घेईन आणि सोबत शेततळं ठेवीन. पाइपने वाट्याला येणारी पाळी तळ्यात घेतली की ती आपल्या गरजेच्या दिवशी देता येते. प्रचंड क्षेत्र आणि खरोखर बारमाही नदी असेल तरच कालवा.

यातलं काहीही निवडलं तरी करारात एक कलम शोधा: पाणी कमी पडलं तर कपात कुणापासून सुरू होणार? ॲरिझोनात २०२२ मध्ये टंचाई लागू झाली तेव्हा सगळ्यांत मोठा फटका पिनाल परगण्यातल्या शेतकऱ्यांना बसला, कारण त्यांचा हक्क रांगेत खाली होता. काहींनी रानं पडीक ठेवली, काही पुन्हा बोअरकडे वळले. शहर आणि कारखाने त्याच पाइपवर असतील तर तुमचा नंबर कितवा, हे सही करण्याआधी लेखी घ्या.